परदेशातले ऑपरेशन आणि विम्याचा कागद

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मुस्लिम मोहल्ल्यांत ज्या घरातील एकही माणूस आखातात नाही, असे घर शोधावे लागेल. आता तर भिवंडी, मालेगाव, परभणी, नांदेडकडील सुतार, गवंडी, वेल्डर, एसी मेकॅनिक आणि ड्रायव्हरही मोठ्या संख्येने दुबई, सौदी अरेबिया, कुवेत, कतारला जात असतात. त्यांच्या कमाईवर गावाकडची घरे उभी राहिली, दुकानांना भांडवल मिळाले, बहिणींची लग्ने झाली. पण एक दिवस तिकडून फोन येतो की भावाला दवाखान्यात दाखल केले आहे, ऑपरेशन सांगितले आहे. दुकानाच्या गादीवर बसलेला मोठा भाऊ विचारतो, "इन्शुरन्स आहे ना?" तिकडून उत्तर येते, "आहे." घरातील मंडळी अल्लाहचे आभार मानून निश्चिंत होतात. दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो की दवाखाना आगाऊ रक्कम मागत आहे. मग दागिने निघतात, दुकानातील माल पडेल त्या भावाने विकला जातो आणि वर्षानुवर्षे जोडलेले भांडवल एका आठवड्यात संपते.

अशा वेळी आपण विमा कंपनीला दोष देतो, दवाखान्याला दोष देतो, नशिबाला दोष देतो. कधी कधी कंपनीचा दोष असतोही. परंतु पुष्कळदा दोष त्या एका शब्दाचा असतो. "विमा आहे" हे उत्तर अपुरे आहे. गोदामात माल आहे एवढ्यावर कोणताही व्यापारी सौदा करीत नाही. कोणता माल, किती, कोणाच्या नावावर, कोठे पोहोचवायचा, हे तो विचारतो. विम्याबाबतही हेच प्रश्न विचारायचे असतात: विमा कोणाच्या नावावर आहे? कोणत्या देशात चालतो? कोणत्या आजाराला चालतो आणि कधीपासून? कोणत्या दवाखान्यात चालतो आणि किती रकमेपर्यंत? ज्याला ही उत्तरे माहीत नाहीत, त्याच्या खिशात कार्ड असले तरी विमा आहे असे समजू नये.

नोकरीवरील माणसाचा विमा: मेहरबानी नव्हे, हक्क

प्रथम जो माणूस तेथे नोकरी करतो त्याच्याबद्दल पाहू. आपल्या बहुतेक कारागिरांची समजूत अशी की कंपनी चांगली असेल तर विमा देते, नाही तर नाही. ही समजूत चुकीची आहे. दुबईत 2013 च्या 11 क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक नोकरदाराचा आरोग्य विमा काढणे मालकावर बंधनकारक आहे. सौदी अरेबियात 1999 साली सहकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्यानुसार खाजगी नोकरीतील परदेशी कामगाराचा आणि त्याच्यासोबत तेथे राहणाऱ्या बायको-मुलांचा विमा मालकाने काढायचा असतो. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या अमिरातींत अशी सक्ती पूर्वी नव्हती. तेथेही 1 जानेवारी 2025 पासून खाजगी कंपन्यांतील कामगार व घरकाम करणारे यांच्यासाठी विमा सक्तीचा झाला असून मूळ योजनेचा वार्षिक हप्ता 320 दिरहम ठरविण्यात आला.

हा हप्ता मालकाने भरायचा आहे. तो कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याला धरून नाही. तरी आपली माणसे कापलेल्या पगाराची पावती पाहतात आणि गप्प बसतात, कारण कफील नाराज होईल अशी भीती असते. त्यांना एवढेच सांगायचे आहे की विमा नसेल तर त्याचा दंड मालकाला होतो. आपण विमा मागतो तेव्हा मालकाकडे भीक मागत नाही.

परंतु विमा आहे म्हणजे सर्व काही आहे असेही नाही. दुबईत दरमहा 4,000 दिरहम किंवा त्याहून कमी पगार असलेल्यांसाठी जी मूळ योजना आहे, तिची वर्षाची कमाल मर्यादा 1,50,000 दिरहम आहे. आपले बहुतेक कारागीर याच योजनेत मोडतात. दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारात बिलाचा 20 टक्के वाटा रुग्णाने द्यायचा असतो. मात्र हा वाटा एका वेळेस 500 दिरहम आणि वर्षभरात 1,000 दिरहमपेक्षा अधिक होत नाही. त्यावरची रक्कम कंपनी भरते. सौदीत 2022 साली सुधारणा होऊन पॉलिसीची वार्षिक मर्यादा 5 लाख रियालवरून 10 लाख रियाल करण्यात आली. म्हणजे रक्कम लहान नाही. अडचण रकमेपेक्षा अटींत अधिक येते.

समजा, दापोलीकडील एक तरुण दुबईत एसी मेकॅनिक आहे आणि त्याला पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन सांगितले आहे. बिल 30,000 दिरहम होईल असा अंदाज आहे. त्याच्या योजनेच्या यादीतील दवाखान्यात, कंपनीची पूर्वमंजुरी घेऊन तो दाखल झाला, तर 20 टक्क्यांच्या हिशेबाने 6,000 दिरहम होतात, पण मर्यादेमुळे त्याच्या खिशातून फक्त 500 जातात. आता हाच तरुण मित्राच्या सांगण्यावरून यादीबाहेरच्या नावाजलेल्या दवाखान्यात गेला आणि तातडीची परिस्थिती नसताना मंजुरीशिवाय ऑपरेशन करून घेतले, तर पूर्ण 30,000 त्याच्या अंगावर पडू शकतात. आजार तोच, ऑपरेशन तेच, फक्त दवाखान्याचे दार वेगळे. एवढ्या फरकात एका कामगाराची वर्षाची बचत जाते.

अगोदरचा आजार

दुसरी अट अगोदरच्या आजाराची. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीपासून असलेल्या आजाराला अनेक विमा कंपन्या काही काळ बाहेर ठेवतात. दुबईच्या मूळ योजनेत प्रथमच विमा घेणाऱ्याला अशा आजारासाठी पहिले सहा महिने थांबावे लागते. जिवावर बेतलेली तातडीची स्थिती याला अपवाद असते. म्हणून नवीन व्हिसावर गेलेल्या माणसाला तिसऱ्याच महिन्यात जुन्या हर्नियाचे ऑपरेशन करावेसे वाटले आणि कंपनीने नकार दिला, तर त्यात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. अट अगोदरच लिहिलेली होती.

येथे आपल्या समाजातील एका वाईट सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फॉर्म भरताना मधुमेह, रक्तदाब, जुने ऑपरेशन लपवा, असा सल्ला काही एजंट देतात आणि आपण तो मानतो. व्यापारात मालातील दोष सांगून विकावा ही आपल्या दीनची शिकवण आहे. तीच शिकवण या फॉर्मलाही लागू आहे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सल्ला घातक आहे. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर जुने कागद मागतो. "दहा वर्षांपासून साखरेचा त्रास" असे केसपेपरवर लिहिले जाते आणि कंपनीच्या हातात क्लेम नाकारण्याचे कारण आयतेच पडते. एजंटचे कमिशन त्याला केव्हाच मिळालेले असते.

आईवडिलांचा प्रश्न

सर्वांत जास्त गैरसमज आईवडिलांबाबत आहे. मुलगा चांगल्या पगारावर आहे, कंपनीचा विमा आहे, तर अब्बांना व्हिजिट व्हिसावर बोलावून तिकडेच गुडघ्याचे किंवा हृदयाचे ऑपरेशन करून घेऊ, असा बेत अनेक घरांत होतो. हेतू चांगला असतो. आईवडिलांच्या खिदमतीत मुलगा कमी पडू इच्छीत नाही. पण मुलाच्या कंपनीचा विमा मुलाच्या नावावर असतो. फार तर तेथे राहणाऱ्या बायको-मुलांचा त्यात समावेश होतो किंवा मुलाला त्यांचा वेगळा विमा काढावा लागतो. व्हिजिट व्हिसावर आलेले वडील त्यात येत नाहीत.

मग व्हिसासोबत जो प्रवास विमा काढला जातो त्याचे काय? तो अचानक उद्भवलेल्या आजारासाठी आणि अपघातासाठी असतो. ठरवून करावयाच्या ऑपरेशनचा त्याच्याशी संबंध नाही. उलट, उपचार घेण्याच्या उद्देशानेच प्रवास केला असेल तर खर्च मिळणार नाही, असे कलम प्रवास विम्याच्या पॉलिसीत बहुधा असतेच. गुडघे दहा वर्षांपासून दुखत असतील तर ते विमानात बसल्यावर दुखू लागले असे कोणीही मानणार नाही. हृदयाचा जुना रुग्ण असेल आणि तेथे झटका आला, तर काही पॉलिसी जीव वाचविण्यापुरता खर्च देतात आणि पुढचा उपचार मायदेशी जाऊन घ्या म्हणतात. काही तेवढेही देत नाहीत. हे कलम तिकीट काढण्यापूर्वी वाचावे.

उमऱ्याला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. उमरा व्हिसासोबत जो विमा असतो त्याची मर्यादा 1,00,000 रियाल आहे आणि तो तातडीच्या उपचारापुरता आहे. मक्केत पाय घसरून हाड मोडले, अचानक छातीत दुखू लागले, तर तो उपयोगी पडतो. त्या विम्याच्या भरवशावर जुन्या आजाराचा इलाज करून येऊ असे समजणे व्यर्थ आहे. टूरवाल्याकडून त्या विम्याचा कागद आणि संपर्काचा नंबर मागून घ्यावा. व्हिसाचा खर्च आपण भरला आहे, त्यात त्या विम्याचे पैसेही आले.

येथील मेडिक्लेम समुद्रापलीकडे जात नाही

आपल्याकडे मेडिक्लेमची सुरुवात 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी केली. आज अनेक व्यापारी कुटुंबांकडे अशी पॉलिसी असते. काही जण समजतात की दहा लाखांची पॉलिसी आहे, मुलगा दुबईत असला तरी त्याचे नाव त्यात आहे, म्हणजे खर्च मिळेल. सर्वसाधारण पॉलिसीत उपचार भारतात घेतलेला असावा अशी अट असते. परदेशातील उपचाराचा खर्च देणाऱ्या पॉलिसी वेगळ्या असतात, त्यांचा हप्ता जास्त असतो आणि त्यातही पुष्कळदा काही ठरावीक गंभीर आजारच घेतलेले असतात. आपल्या पॉलिसीत भौगोलिक मर्यादेचे कलम कोणते आहे ते पहावे. ते सापडत नसेल तर कंपनीला लेखी विचारावे.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पुष्कळ माणसे विचार करतात की आखातात राहून ऑपरेशन करण्यापेक्षा गावी येऊन करू. घरची माणसे जवळ असतात, जेवणखाण बरे मिळते. विचार योग्य आहे. पण आखातातील मूळ पातळीची विमा योजना तेथल्या हद्दीपुरतीच असते. मायदेशातील उपचार काही मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीतच असतो आणि तोही ठरावीक मर्यादेत. त्याने येथे भारतीय पॉलिसी काढली नसेल, तर तो दोन्हीकडून उघडा पडतो. आणि आजार समजल्यानंतर पॉलिसी काढून लगेच उपयोग नसतो. विमा नियामक प्राधिकरण इर्डाने 1 एप्रिल 2024 पासून अगोदरच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षे केली. तरी तीन वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे.

यातून एक गोष्ट निघते. आखातात असलेल्या माणसाने प्रकृती चांगली असतानाच, चाळिशीच्या आत, स्वतःसाठी भारतातला एखादा आधार उभा करून ठेवावा. कंपनीचा विमा नोकरीला बांधलेला असतो. व्हिसा रद्द झाला की तोही संपतो. पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह आणि रक्तदाब घेऊन कायमचा परतलेला माणूस ज्या दिवशी विमानतळावर उतरतो, त्या दिवशी त्याच्याकडे कोणताच विमा नसतो. वीस वर्षे परक्या मुलखात राबून जी पुंजी आणली, ती पहिल्याच ऑपरेशनमध्ये जाते.

घराजवळचा पर्याय

माझे मत असे आहे की जे ऑपरेशन ठरवून करता येते आणि रुग्ण नोकरीनिमित्त तेथे राहत नाही, ते परदेशात करण्याच्या फंदात पडू नये. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. मुंबई, पुणे येथे हृदय, गुडघे, मूत्रपिंड यांची ऑपरेशने रोज होतात आणि आखाताच्या मानाने खर्च पुष्कळच कमी येतो.

सरकारी योजनांकडेही आपण दुर्लक्ष करतो. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ती 70 वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत लागू करण्यात आली. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही 5 लाखांपर्यंत वाढविली गेली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली. या योजना यादीतील दवाखान्यातच चालतात आणि त्यात ठरावीक उपचारच येतात. पण आपल्या मोहल्ल्यांत सत्तरी ओलांडलेली किती माणसे हे कार्ड काढून बसली आहेत? आधार कार्ड घेऊन एक फेरी मारावी लागते म्हणून काम राहते आणि मग मुलगा दुबईहून कर्ज काढून पैसे पाठवतो.

जे कमी शिकलेले कामगार आहेत, म्हणजे दहावी उत्तीर्ण नसल्यामुळे ज्यांना आखातात जाण्यासाठी इमिग्रेशनची मंजुरी घ्यावी लागते, त्यांच्यासाठी आणखी एक विमा आहे. प्रवासी भारतीय विमा योजना ही 2003 पासून आहे आणि 2017 मध्ये सुधारली गेली. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आणि तीन वर्षांचा 375 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये आणि आजार किंवा दुखापतीच्या इलाजासाठी 1 लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. मंजुरी घेतानाच ती काढावी लागते. म्हणजे शेकडो घरांत ही पॉलिसी आहे, पण एजंटने दिलेल्या फाईलमध्ये ती पडून असते आणि मुदत संपून जाते.

ऑपरेशनपूर्वी काय करावे

ऑपरेशन ठरले की पहिले काम पूर्वमंजुरीचे. दवाखान्याच्या विमा खिडकीवरील माणूस "होईल मंजूर" म्हणतो, त्यावर विसंबू नये. मंजुरीचे पत्र किंवा संदेश हातात घ्यावा. त्यात कोणते ऑपरेशन, किती रक्कम, किती दिवस हे पहावे. दवाखान्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. अंदाज 40,000 चा आणि मंजुरी 25,000 ची असेल, तर मधले 15,000 कोण देणार हे दाखल होण्यापूर्वी विचारावे.

स्टेंट, कृत्रिम सांधा, डोळ्यातील भिंग अशा वस्तूंची किंमत मंजुरीत धरली आहे की नाही हे स्वतंत्रपणे विचारावे. बिल फुगते ते बहुधा येथेच. ऑपरेशननंतरची औषधे, तपासण्या, व्यायामोपचार हे कोणत्या मर्यादेत येतात तेही विचारावे.

तातडीच्या वेळी मंजुरीसाठी थांबू नये. जीव आधी. कायदाही तेच म्हणतो. मात्र दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर, घरच्यांनी किंवा सोबत राहणाऱ्यांनी विमा कंपनीला कळवावे आणि कळविल्याची वेळ व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. यादीबाहेरच्या दवाखान्यात पैसे भरावे लागले, तर मूळ बिले, पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा. नंतर क्लेम करण्यास मुदत असते, ती चुकवू नये.

नकार आला तर तो लेखी मागावा. कोणत्या कलमाखाली नाकारले हे लिहून द्यायला लावावे. पुष्कळ नकार कागद अपुरे असल्यामुळे येतात आणि डॉक्टरने कारणासह पत्र दिले की सुटतात. तरीही दाद मिळाली नाही, तर दुबईत तेथील आरोग्य प्राधिकरणाकडे आणि सौदीत आरोग्य विमा परिषदेकडे तक्रार करता येते. भारतातील पॉलिसी असेल तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. तेथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात.

जो कामगार खरोखर निराधार अवस्थेत सापडला आहे, ज्याचा मालक पळून गेला आहे किंवा इकामा संपला आहे, त्याच्यासाठी भारतीय दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरज पाहून तातडीच्या उपचारासाठी त्यातून मदत दिली जाते. अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही.

येथून पैसे पाठवायची वेळ आली तर बँकेतूनच पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि नातेवाइकाचा वैद्यकीय खर्च त्यात बसतो. घाईत हवालाचा मार्ग धरणारे आपल्यात आहेत. तो परकीय चलन कायद्याप्रमाणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याची पावती नसते. पावती नाही म्हणजे उद्या कोणाला हिशेबही दाखवता येत नाही.

शरीअतचा प्रश्न

आपले अनेक दीनदार बांधव विम्याचा विषय निघाला की दूर होतात. त्यात सूद, गरर आणि जुगाराचा अंश आहे अशी त्यांची शंका असते. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिक्ह अकॅडमीने 1985 साली जेद्दाह येथे ठराव करून ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्याला नाजायज ठरविले आणि परस्पर सहकार्याच्या तत्त्वावरील विम्याला मान्यता दिली. याच तत्त्वावर तकाफुलची पद्धत वाढली. सुदानमध्ये 1979 साली अशी पहिली कंपनी निघाली आणि मलेशियाने 1984 साली त्यासाठी कायदा केला. भारतात तकाफुल कंपनीसाठी अद्याप वेगळी कायदेशीर व्यवस्था नाही.

पण यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आखातात मालकाने काढलेला विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो घ्यावा की नाही हा निर्णय कामगाराच्या हातात नाही. तेव्हा तो वाचायचा की नाही एवढाच प्रश्न उरतो आणि न वाचण्यात कोणतीही परहेजगारी नाही. जो विमा आपण स्वखुशीने काढणार, त्याबाबत मात्र ज्या आलिमवर आपला विश्वास आहे त्यांना सर्व अटी सांगून विचारावे. अपुरी माहिती देऊन घेतलेला फतवाही अपुराच असतो. राहिला तवक्कुलचा मुद्दा. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपण मुलांना मदरशात देतो. कागदपत्र तपासणे हे उंट बांधण्यासारखेच आहे.

आणि लिहून ठेवण्याबद्दल तर आपल्याला कोणी बाहेरच्याने शिकवावे लागू नये. उधारीचा व्यवहार लेखी करावा, साक्षीदार ठेवावेत, हा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे. विम्याचा करार हाही देण्याघेण्याचा करार आहे. तो तोंडी भरवशावर सोडणे आपल्या रीतीला धरून नाही.

जमातीने काय करावे

हे सर्व प्रत्येक घराने एकट्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. ज्या घरात वाचणारा कोणी नाही, त्या घराचे काय? म्हणून मोहल्ला जमातीने एक वही ठेवावी असे मला सुचवावयाचे आहे. गावातील कोण कोणत्या देशात आहे, कोणत्या कंपनीत आहे, त्याच्या विमा कार्डाची प्रत, पॉलिसीची मुदत, घरच्या माणसाचा फोन, एवढेच त्यात असावे. हा मजकूर अमानत आहे, म्हणून तो एका जबाबदार माणसाच्या ताब्यात राहावा. इंग्रजी वाचणारा एखादा पदवीधर तरुण पॉलिसीतील पाच गोष्टी मराठीत लिहून देईल: नाव, देश, दवाखान्यांची यादी, रकमेची मर्यादा आणि बाहेर ठेवलेले आजार. याला पैसे लागत नाहीत.

बैतुलमालमधून ऑपरेशनसाठी मदत मागायला माणूस आला की आपण त्याला रकमेविषयी विचारतो. त्याआधी त्याच्या विम्याचा कागद पहावा. जेथे कंपनीने पैसे देणे लागते, तेथे जमातीचा पैसा खर्च झाला तर तो खऱ्या गरजवंताच्या वाट्याचा गेला असे समजावे. जेथे विमा खरोखर अपुरा पडतो, तेथे कर्जे हसना द्यावे आणि सन्मानाने द्यावे.

ईदला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आखातातील मंडळी गावी येतात. लग्नकार्ये होतात, घरांची बांधकामे निघतात. त्या दिवसांत एका जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास या कामासाठी काढावा. प्रत्येकाने आपले कार्ड आणि पॉलिसी सोबत आणावी. आजारपण देणारा आणि शिफा देणारा अल्लाहच आहे. त्याच्या मर्जीने जे व्हायचे ते होईल. परंतु ज्या पैशावर आपल्या भावाचा हक्क आहे तो केवळ कागद न वाचल्यामुळे बुडाला, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.